वजा एकची पत

आमच्या घरात जेवताना कर्ज हा शब्द काढायचा नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता. छावणीतल्या एका सायकलच्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला. पंक्चर काढली, वाकडी चाकं सरळ केली, पण कुणाचा पैसा अंगावर ठेवला नाही. किराणा रोख, दवाखाना रोख, मुलाचं लग्नही रोख. आमच्या लग्नात त्यांनी मंडपवाल्याला पंगती उठायच्या आधीच पैसे चुकते केले. तो बिचारा एवढा घाबरला, की आपलं काही चुकलं का हे विचारायला थेट नवरदेवाकडे आला. ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. मीही सांगायचे. त्या अभिमानाची बँकेच्या हिशेबात किंमत शून्याहूनही कमी आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

आम्ही तेव्हा पडेगावात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. वर जायला लोखंडी गोल जिना. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी पॅकिंगला, आणि मी घरी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल-पिको करायचे. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात माणसं तीन आणि गाडा कसाबसा चाललेला. त्यात सासरे सायकलवरून पडले आणि खुबा मोडला. आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, "सपाटीवर भरपूर चालवा, जिना मात्र अजिबात नको." आता सपाटीवर जायचं तर आधी जिना उतरायला हवा, हे डॉक्टरांना कुणी सांगायचं? सासरे वरच राहिले. गॅलरीत चालायचे. गॅलरी एवढीशी, की चालणं कमी आणि वळणंच जास्त.

समोरच्या घराच्या ओट्यावर त्यांचे जुने दोस्त बसायचे. त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. खुबा मोडल्यापासून या दोघांच्या गप्पा गॅलरी ते ओटा अशा चालायच्या, मध्ये रस्ता. चाचांना कमी ऐकू येत असल्यामुळे सासऱ्यांचं पोट साफ झालं की नाही, ही बातमी रोज सकाळी दूधवाल्यापर्यंत पोहोचायची.

"क्यूं उस्ताद, आज कितना चले?" चाचा खालून ओरडायचे.

"दौलताबाद गाठलं गॅलरीतच!" हे वरून.

असं वर्ष उलटून गेलं. मग सासऱ्यांनी दाढी करणं सोडलं. एकेकाळी दुकानात जायच्या आधी गुळगुळीत दाढी करणारा माणूस. मी वस्तरा, आरसा समोर नेऊन ठेवला तर म्हणाले, "कुणाला दाखवायचीय पोरी?" मला त्या दिवशी शिवणावर बसवेना. हा माणूस वरच्या वर संपणार, अशी भीती मला पहिल्यांदा वाटली ती तेव्हा.

त्याच सुमाराला चाचांनी खालून बातमी दिली. त्यांचा मुलगा लासूर स्टेशनला भुसार मालाच्या दुकानात एकटा पडला होता. "मेरेकू लासूर जाना पडताय उस्ताद. घर बेचने निकाल रहा हूं. पैले तुमकू पूछ रहा." चाचांचं घर म्हणजे दोन खोल्या, गुंठेवारीचे कागद रीतसर झालेले, आणि उंबरा सोडला तर पायरी नाही. ओटा दाराच्या बाजूला, दार उघडलं की रस्ता. मला त्या घरात दुसरं काहीही दिसत नव्हतं. भिंतीला ओल होती, मोरी लहान होती, पण तिथून माझा सासरा आपल्या पायांनी बाहेर पडू शकत होता. चाचा म्हणाले, पुढच्या ईदेपर्यंत थांबतो.

सासऱ्यांना आम्ही एवढंच सांगितलं की पैशांची सोय बघतोय. कशी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं.

थोडी पुंजी होती, थोडे माझे दागिने. बाकी घरकर्ज. कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत आम्ही चांगले कपडे घालून गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकावर नवऱ्याचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जबाजारातली पत, काढला आणि चेहरा पाडला.

"वजा एक आहे."

"वजा?" नवरा उठूनच उभा राहिला. "साहेब, आम्ही आजवर कुणाचा एक रुपया बुडवला नाही."

"बुडवायला घ्यावा लागतो ना. तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. तुमची काही नोंदच नाही."

"मग शून्य तरी द्या."

"तसं देता येत नाही."

मी विचारलं, "समजा आमच्या शेजाऱ्यानं कर्ज घेऊन हप्ते थकवले असले, तर त्याला किती?"

"असतील पाचशेच्या आसपास."

म्हणजे हप्ते थकवणाऱ्याला पाचशे आणि न घेणाऱ्याला वजा एक. माझं डोकं सणकलं. पण साहेब माणूस भला होता. त्यांनी आवाज खाली आणून सल्ला दिला, की एखादी लहान वस्तू हप्त्यावर घ्या. दर महिन्याला ठरल्या तारखेला हप्ता जाऊ द्या. सहा-आठ महिन्यांत स्कोअर उगवेल, मग या. "पण आम्हाला कसली गरज नाही," नवरा म्हणाला. "गरजेचा प्रश्नच नाही," साहेब म्हणाले.

अशा रीतीनं आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. टीव्ही होता, फ्रिज माझ्या माहेरचा होता, आणि दुकानातल्या योजनेत ठरावीक रकमेच्या खालची वस्तू हप्त्यावर मिळत नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही पहाटे, आणि ते आलं की घरातलं प्रत्येक भांडं, वाट्यांसकट, भरून ठेवायचं. असल्या घरात आम्ही एका दमात ड्रमभर पाणी पिणारं यंत्र आणलं. ते गोल जिन्यात मावेना. शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर ओढलं. गल्ली जमा झाली. चाचा खालून सूचना देत होते. मशीन हवेत गोल गोल फिरलं, तेव्हा कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

सासऱ्यांनी विचारलं, "कितीला पडलं?" नवरा म्हणाला, "हप्त्यावर आहे मामुली."

 त्या रात्री सासऱ्यांनी आपलं अंथरूण मशीनच्या खोलीतून गॅलरीत हलवलं.

दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाले. मशीनवरची प्लास्टिकची फिल्म काढायची नाही, कारण वस्तू अजून दुसऱ्याची आहे. त्याला टेकायचं नाही. पाहुणे आले की त्यावर चादर टाकायची. मी शिवून झालेले ब्लाउज आत ठेवायला लागले, जागा तरी कारणी लागावी म्हणून, तर म्हणाले, "लोकाच्या पेटीत आपला माल ठेवू नये." आणि दर दोन दिवसांनी विचारायचे, "किती ऱ्हायलं?" मी सांगायचे, तेवढंच राहिलंय, महिन्याला एकदाच कापतात. "एवढ्या हळूहळू कोण देतं का? त्या माणसाला काय वाटत असंल?" कुठला माणूस, मी विचारलं. त्यांना नक्की वाटत होतं की शहरात कुठेतरी एक माणूस आपल्या पैशांची वाट बघत ओट्यावर बसलाय.

दुसरा हप्ता गेला आणि तिसऱ्याच्या आधी तो प्रकार झाला.

मी छावणीत गिऱ्हाइकांचे ब्लाउज पोचवायला गेले होते. नवरा कामावर. सासऱ्यांनी गादीखालची त्यांची जन्माची शिल्लक रुमालात बांधली, हप्त्याचा कागद खिशात घातला, आधी काठी जिन्यावरून खाली टाकली आणि मग स्वतः जिन्यावर बसून, एकेक पायरी ढुंगणानं उतरत खाली आले. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा. चाचा खाली उभे राहून "आहिस्ता उस्ताद, आहिस्ता" करत होते. मग दोघांनी रिक्षा केली आणि फायनान्स कंपनीची कचेरी गाठली.

पुढचं मी चाचांकडून ऐकलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बाबा, घाई काय आहे? हप्ते आपोआप जातायत." सासरे म्हणाले, "पैसे मोजून घ्या, नायतर म्या इथंच बसतो." मुलीनं मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "मुदतीआधी भरलं तर दंड लागेल."

"दंड? आदी दिल्याचा दंड?"

"हो."

"घ्या," सासरे म्हणाले, आणि दंडही भरला. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तो अशा थाटात भरला, की कचेरीतले लोक उभे राहिले. मला वाटतं, ते जेवणाच्या सुट्टीला उठले असावेत.

मी परत आले तर दोघं चाचांच्या ओट्यावर शेंगदाणे खात बसलेले. सासऱ्यांच्या हातात कर्ज फिटल्याचा शिक्क्याचा कागद. मला लांबून बघून त्यांनी तो हलवला आणि ते हसले. तोंड भरून हसले. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होते, कुणाच्या सायकलचं हँडल हलवून बघत होते. हा माणूस मी किती दिवसांत बघितलाच नव्हता. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्यांचा भयंकर रागही आला.

वर चढवणं ही वेगळीच वरात. खुर्चीत बसवून न्यावं तर खुर्ची गोल जिन्यात अडकली. शेवटी संध्याकाळी नवऱ्यानं त्यांना पाठुंगळी घेतलं. वर आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर मशीनवरची फिल्म टराटरा सोलली. "आता आपलं," म्हणाले.

घरकर्जवाल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, दोन महिन्यांत खातं बंद झालं, स्कोअर तयारच झाला नाही. वजा एकच.

मी घरी येऊन फुटले. इतके दिवस जे झाकून ठेवलं होतं ते सगळं बोलले. "मामा, ते मशीन धुण्यासाठी नव्हतं! चाचांचं घर घ्यायचंय. त्याला कर्ज लागतं. कर्ज मिळायला आधी कर्ज घेतलेलं लागतं, आणि ते हळूहळू फेडलेलं लागतं. हे घर कुणासाठी घेतोय? माझ्यासाठी? मी तर दिवसातून दहादा जिना उतरते. तुम्ही खाली यावं म्हणून चाललंय सगळं!" बोलता बोलता मला रडू आलं आणि नवरा उगीचच फ्रिज उघडून आत बघत उभा राहिला.

सासऱ्यांनी खिशातला शिक्क्याचा कागद काढून पुन्हा न्याहाळला. मग म्हणाले, "म्हणजे म्या फेडलं ते चुकलं?"

"हो."

"इमानदारीनं फेडलं, दंड भरून फेडलं, तरी चुकलं?"

"हो, मामा."

"लईच अवघड हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मग अजून एक घ्या."

चाचांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "मैं ही लेके गया ना उस्तादकू!" त्या अपराधीपणातून त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ईद आली आणि गेली. मुलगा लासूरहून गिऱ्हाइकं पाठवायचा आणि चाचा ती परतवून लावायचे. एकाला सांगितलं, पावसाळ्यात घरात पाणी भरतं. दुसऱ्याला सांगितलं, नळाला पाणीच येत नाही. ही दोन्ही गिऱ्हाइकं जिन्याखाली एकमेकांना भेटली आणि बराच वेळ वाद घालत होती. तिसऱ्या गिऱ्हाइकाला चाचांनी समोर गॅलरीकडे बोट दाखवून सांगितलं, की तो म्हातारा दिवसभर ओरडतो, झोपू देत नाही. सासऱ्यांनी लगेच ओरडून दाखवलं.

नवऱ्यानं दुसरी वस्तू मोबाईलवरून मागवली, हप्त्यावर. योजनेत बसणारी त्यातल्या त्यात स्वस्त. खोकं उघडलं तर आतून सायकल निघाली. व्यायामाची, घरातल्या घरात चालवायची.

जन्मभर सायकली दुरुस्त केलेला माणूस तिच्याभोवती काठी टेकत दोनदा फिरला.

"हिचं मागचं चाक?"

"नाही, मामा."

"चेन कव्हरात हाय म्हणा. पर ही जाती कुठं?"

"कुठं नाही. जागेवरच."

"आन् हिचे पैसे घेतात?"

"दर महिन्याला."

ते खाली बसले आणि त्यांनी तिचे सगळे नट आवळले. मला म्हणाले, "माल फसवा हाय, पण बसवला नीट पायजे."

आता मात्र त्यांनी कर्ज अंगावर घेतलं ते पुरत्या निष्ठेनं. पाच तारखेला हप्ता जायचा. चार तारखेला ते मुलाला कामावर जाण्याआधी अडवायचे आणि खात्यात पैसे आहेत का ते मोबाईल दाखवून सिद्ध करायला लावायचे. मध्येच कधी मन फार खायला लागलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. एक दिवस त्यांनी आपल्या चपला माझ्या हातात दिल्या. "कुठंतरी लपव," म्हणाले. "माझा भरोसा नाय. एखाद्या दिवशी उतरून जाईन आन् देऊन येईन." मी त्या वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्या. तेवढ्यापुरता त्याचा उपयोग झाला.

गल्लीत आमच्याबद्दल दोन मतं होती. पाण्याशिवाय मशीन आणि रस्त्याशिवाय सायकल, म्हणजे या लोकांना कुठून तरी पैसा लागलाय, असं एक. दुसरं, की बाप जिन्यावर अडकल्यामुळे पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेजारची बाई एकदा हळूच येऊन वाटीभर शेवयांची खीर देऊन गेली. तिचं मत कुठलं हे मी विचारलं नाही.

नवरा मोबाईलवर सारखा स्कोअर बघायचा. एका रविवारी तो बाथरूममधून ओरडतच बाहेर आला. सातशेच्या वर! मी हातातली कात्री टाकली. सासऱ्यांना गॅलरीत जाऊन सांगितलं.

"कितीपैकी?" त्यांनी विचारलं.

"नऊशेपैकी."

"मग बाकीचे कुठं गेले? आपण तर सगळं येळेवर दिलं." ते खरंच दुखावले होते. साहेबांना विचारून यायला सांगितलं. साहेब म्हणाले, पूर्ण कुणालाच मिळत नाहीत. तेव्हा कुठे सासऱ्यांचा राग निवला, पण थोडाच.

कर्ज मंजूर झालं. चाचांच्या मुलानं खरेदीखतावर सह्या होताना वडिलांकडे असं बघितलं, की तो सगळं ओळखून आहे हे मला कळलं. चाचा तोंड फिरवून पान लावत बसले. जायच्या दिवशी ते ओट्यावर उभे राहून गॅलरीकडे बघत म्हणाले, "अब नीचे आओ उस्ताद. मैं जगा खाली कर दिया." आणि टेम्पोत पुढे बसून निघून गेले. सासरे वरून हात हलवत राहिले. टेम्पो वळल्यावरही.

चार दिवसांनी आम्ही उतरलो. सासरे पुन्हा नवऱ्याच्या पाठीवर. मशीन दोरानं खाली, सायकल दोरानं खाली. गल्लीला आता सवय झाली होती, फारसं कुणी जमलं नाही.

संध्याकाळी मी डबे लावत होते. मागे वळून पाहिलं तर सासरे नाहीत. खोलीत नाहीत, मोरीत नाहीत, ओट्यावर नाहीत. दार उघडं.  वर्षभर आपण ज्याच्यासाठी धडपडलो तेच झालंय, हे मला सुचलंच नाही. मला फक्त ते कुठेतरी पडलेले दिसत होते. मी पदर खोचला आणि पळत सुटले. गल्ली संपून मोठा रस्ता लागला.

रस्त्याच्या कडेला चहाची एक टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर ते बसले होते. काठी मांडीवर, पुढ्यात रिकामा ग्लास. समोरून दौलताबादकडे जाणाऱ्या गाड्या बघत होते.

"सांगून यायचं नाही का, मामा?" मी ओरडलेच. त्यांनी मान डोलावली आणि बाकड्यावर सरकून मला जागा केली.

टपरीवाली म्हणाली, "तुमचे सासरे हायेत का? चा पिले आन् पैसे उद्या देतो म्हणले. नवीन मानूस हाय, म्हनून इचारते."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं पैसे घरी राहिले असतील. मी पर्समध्ये हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"देऊ नको."

"मामा, दहा रुपये आहेत."

"माझ्याबी खिशात हायेत की." त्यांनी खिसा वाजवून दाखवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. देणं असलं की उद्या यावंच लागंल ना हितवर."

मी पर्स मिटली. बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि माझ्यासाठी एक चहा सांगितला. तोही त्यांच्याच नावावर.